दोन बोटं

शिरोलीच्या शेडमधली सात नंबरची भट्टी
एका अंगानं दोन बोटं खाली बसली.
लेव्हलच्या काचेतला बुडबुडा
मधे यायला तयारच नाही.

शिरगुप्पे शेठ म्हणाले, ठेकेदारानं सिमेंट खाल्लं.
ठेकेदार म्हणाला, भट्टीच जड केलीत तुम्ही.
मला बोलावलं होतं मातीला विचारायला.

सोमवारी, वीज बंद असते त्या दिवशी,
आम्ही कडेनं खड्डा घेतला.
हातभर मुरूम.
मग काळी माती, पण काळी कुठली,
विझल्या विडीच्या राखेसारखी.
उन्हाळ्यात ही माती भेगाळते, ते मला ठाऊक आहे;
त्या भेगा आभाळाकडं तोंड करून असतात.
ह्या आडव्या होत्या.
कडा लालसर,
नखानं वाजवल्यावर कौलासारख्या बोलत होत्या.

"पोळलीया," बाबालाल मुल्लाणी म्हणाला.
भट्टीच्या विटा लावण्यात हाताच्या रेषा गेलेला मिस्त्री.
"वर जातोय त्यो जाळ समदी बघत्यात.
खाली उतरतोय त्येला कोण इचारतंय?"

दोन दिवस भट्टी विझलेली,
तरी खड्ड्यात तळवा टेकवला तर
ताप उतरत आलेल्या पोराच्या पाठीसारखं लागलं.

नमुने पिशवीत भरले, गाठ मारली, चिठ्ठी लावली.
भट्टीखाली, दीड मीटरवर, ओलावा: तीन टक्के.
गेटजवळ, तेवढ्याच खोलीवर: एकतीस.
मधलं अंतर चाळीस पावलं.
माती तीच. एकीच्या डोक्यावर अकरा वर्षं
लोखंड वितळत होतं, एवढंच.
पाणी गेलं, माती आकसली,
आणि भट्टी तिच्यामागून गेली. भट्टीचा काय दोष.

चहा पिताना बाबालालनं बापाची गोष्ट काढली.
बाप वडणग्याला गुऱ्हाळाची चुलवाणं बांधायचा.
तळाला आधी उलटी मडकी मांडायचा,
एकमेकांना खेटून, पोकळ,
वर राख, वर माती, मग जाळ.
"रस उकळ्या मारायचा वर,
आन् खालची जिमीन गार. वल्ली म्हना की."

रात्री मी आकडेमोडीला बसलो
(आमच्याकडं बायकाही बसलोच म्हणतात),
तर माझ्या कागदावर ती मडकी आली,
फक्त त्यांना नाव होतं हवेचा थर,
आणि तोंडं दोन्हीकडून उघडी हवी होती,
नाहीतर कोंडलेली हवाही शेवटी तापते
आणि मातीलाच सांगते.

चोवीस नळ्या, पायाच्या आरपार,
नदीकडून येणाऱ्या वाऱ्याच्या रेषेत.
त्यावर काँक्रीट, त्यावर हलकी वीट, त्यावर भट्टीची वीट.
शेठनी नकाशा उलटा करून पाहिला.
"एवढ्या वजनाखाली पोकळी?
रिकाम्या जागेचे पैसे द्यायचे मी?"
बाबालालनं बिलात सरळ लिहिलं:
वारा, नग चोवीस.
शेठ हसले. दर मात्र पाडून घेतला.

आता महिन्यातून एकदा जातो मी.
वर चौदाशे अंशांवर लोखंड पांढरं होतं,
पोरं चेहरा फिरवून ओततात,
आणि मी पायाशी उकिडवं बसून
मातीत पुरलेल्या तारेचा आकडा वहीत घेतो.
एकोणचाळीस. चाळीस. जुलैत अडतीस.
ह्याचं कौतुक करायला कुणी थांबत नाही, थांबूही नये;
जिथं काही घडत नाही, तिथं काय बघायचं?

परवा आकडा अचानक सेहेचाळीस.
टॉर्च घेऊन मागं गेलो.
बाहेर पाऊस, आणि नळ्यांच्या तोंडावर,
उबदार वारा येतो तिथं,
ओळीनं वाळत घातलेले बूट, मोजे, एक बनियन.
नाईट शिफ्टचा दुंडाप्पा ओशाळला.
"गरम हवा फुकट जातीया, मॅडम."

ती फुकटच जायला हवी, मी म्हणालो,
त्यासाठीच पैसे दिलेत.
त्यानं मान डोलावली,
वाकला,
आणि बूट नळीच्या तोंडावरून
दोन बोटं बाजूला सरकवले.